चूल एकच, मग कागदावर नाव का नाही?



कामगाराच्या घरात महिन्याला पगार येतो तो सर्वांना दिसतो. पण त्याच्या नोकरीत पगाराबरोबर आणखीही बरेच काही साठत असते. प्रॉव्हिडंट फंड, ग्रॅच्युइटी, पेन्शन, विम्याची रक्कम, ईएसआयचे औषधपाणी, आणि काही ठिकाणी वारसाला नोकरी. हे कोणी मालकाने दिलेले दान नाही. हा त्याच्याच घामाचा पैसा आहे. तो जिवंत असेपर्यंत त्याचा, आणि तो गेल्यानंतर त्याच्या कुटुंबाचा.

आता कुटुंब म्हणजे कोण? आपण म्हणू, एका छपराखाली राहणारे, एका चुलीवरचे खाणारे, दुखण्याखुपण्यात एकमेकांच्या उशाशी बसणारे. ऑफिसातला कागद मात्र असे म्हणत नाही. कागद विचारतो, लग्न झाले आहे काय? कायदेशीर झाले आहे काय? पुरावा काय? आणि या तीन प्रश्नांपुढे पंधरा-वीस वर्षांचा संसार केलेली बाई एका क्षणात परकी ठरते.

लग्नाशिवाय एकत्र राहणारी जोडपी म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे सिनेमातली, मोठ्या शहरातल्या फ्लॅटमधली माणसे येतात. त्यांच्यासाठी "लिव्ह-इन" असा शब्दही रूढ झाला आहे. पण आपल्या वस्तीत, चाळीत, झोपडपट्टीत अशी जोडपी पूर्वीपासून आहेत, फक्त त्यांना हे नाव नाही. कोणाचे पहिले लग्न मोडले, पंचांसमोर स्टॅम्पपेपरवर काडीमोड झाली, पण कोर्टाचा घटस्फोट घेतलाच नाही. कोणाची एक बायको गावी आणि मुंबईत दुसरा संसार. कोणी जातीबाहेरच्या मुलीसोबत घर सोडून आला आणि विधी करायला ना पैसा होता ना माणसे. कोणी दोघे विधुर-विधवा एकमेकांच्या आधाराने राहिले. अशी घरे किती आहेत हे सांगायला आकडेवारीची गरज नाही, आपापल्या गल्लीत डोळे उघडे ठेवून पाहिले तरी पुरे.

रविवारी वंदना झाल्यावर विहारात लोकांची कागदपत्रे वाचून देणे, अर्ज लिहून देणे हे माझे नेहमीचे काम आहे. एकदा एक बाई पिशवीभर कागद घेऊन आल्या. सोबती कारखान्यात कायम कामगार होता, तो वारला होता. त्याचे पहिले लग्न गावी झालेले, त्याची काडीमोड स्टॅम्पपेपरवर. बाई म्हणाल्या, "दादा, रेशनकार्डावर माझं नाव हाय, मतदार यादीत हाय, पोरांच्या शाळेत हाय. मग हापिसात का न्हाई?" त्यांना म्हणालो, "ताई, रेशनकार्डावर कोण कुठे जेवतो ते लिहितात. ऑफिसात कोणाचे लग्न कोणाशी लागले ते विचारतात." पुढे मुलांचा हक्क मिळवता आला. ताईंना स्वतःला म्हणून काही मिळवून देता आले नाही. त्यांच्या प्रश्नाचे उत्तर नीट द्यावे म्हणून आजचा हा लेख.

आधी कायदा काय म्हणतो ते पाहू. प्रॉव्हिडंट फंडाच्या १९५२ च्या योजनेत पुरुष सभासदाचे कुटुंब म्हणजे पत्नी, मुले, अवलंबून असलेले आईवडील आणि मयत मुलाची विधवा व मुले. कुटुंब असेल तर नामांकन कुटुंबातल्याच माणसाचे करावे लागते. बाहेरच्या माणसाचे केले तर ते चालत नाही. कुटुंब नसेल तर मात्र कोणाचेही करता येते. पण पुढे लग्न झाले, कुटुंब झाले की आधीचे नामांकन रद्द ठरते आणि नवे करावे लागते. ग्रॅच्युइटीचा नियमही साधारण याच धर्तीवरचा आहे. ईएसआयमध्ये कामगाराच्या जोडीने औषधोपचार मिळतात ते कायदेशीर पती किंवा पत्नीला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही कुटुंबाची व्याख्या लग्नाच्या नात्यावरच उभी आहे. सोबत राहणाऱ्या जोडीदाराला त्यात जागा नाही.

सरकारी नोकरीतील कुटुंब निवृत्तिवेतनाचे तर विचारूच नका. बिहारमधील एका सरकारी कर्मचाऱ्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००० साली सांगितले की, पहिली पत्नी हयात असताना केलेले दुसरे लग्न कायद्याने लग्नच नाही, म्हणून त्या बाईला विधवा म्हणून पेन्शन नाही. तिच्या मुलांना मात्र सज्ञान होईपर्यंत हक्क आहे. म्हणजे मुले बापाची, पण त्यांची आई कोणाचीच नाही!

याच विषयातले दुसरे प्रकरण प्रत्येक कामगाराने लक्षात ठेवावे असे आहे. कोळशाच्या खाणीतला एक कामगार १९९३ मध्ये वारला. पहिली पत्नी होती, पण तो राहत होता दुसऱ्या बाईसोबत. तिच्यापासून त्याला चार मुले झाली होती. त्याने फंड, विमा वगैरे रकमांसाठी याच बाईचे नामांकन करून ठेवले होते. तो गेल्यावर दोघी बायका कोर्टात उभ्या राहिल्या. भांडण चालले पंधरा वर्षे. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. दुसरी बाई कायदेशीर पत्नी नाही, असे न्यायालयाने स्पष्ट म्हटले. तरीही तिचे नामांकन होते, ती त्याच्या मुलांची आई होती, म्हणून रक्कम उचलण्याचा वारस दाखला तिलाच दिला. पण त्या रकमेचे पाच वाटे धरले. चार मुलांचे चार आणि पहिल्या पत्नीचा एक, आणि तो पाचवा वाटा सांभाळून पहिल्या पत्नीला देण्याची जबाबदारी दुसरीवर टाकली.

या निकालातून दोन गोष्टी शिकायच्या. एक, त्या कामगाराने हयातीत एक कागद भरून ठेवला म्हणून ती बाई निदान कोर्टाच्या दारात उभी राहू शकली. दुसरी, नामांकन म्हणजे मालकी नव्हे. नामांकन झालेला माणूस पैसे हातात घेतो, पण ते वारसांचे असतात. विम्याच्या बाबतीत १९८४ मध्ये आणि प्रॉव्हिडंट फंडाच्या बाबतीत २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितले होते. "माझे नाव फॉर्मवर आहे, आता सगळे माझेच" असे समजून निर्धास्त राहू नये.

इथे एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. कामाच्या ठिकाणचे सगळेच फायदे लग्नाचा दाखला मागतात असे नाही. प्रसूतीच्या लाभाचे पाहा. मातृत्व लाभाच्या १९६१ च्या कायद्यात स्त्री म्हणजे मजुरीवर कामाला असलेली स्त्री, एवढेच म्हटले होते. ती विवाहित असली पाहिजे अशी अट त्यात कुठेही नव्हती. म्हणून लग्न न झालेल्या आईलाही पगारी रजा मिळते. पहिल्या दोन बाळंतपणांसाठी २०१७ पासून ही रजा २६ आठवड्यांची आहे. जिथे कायदा बाईकडे कष्टकरी माणूस म्हणून पाहतो, तिथे तो तिच्या गळ्यात काय आहे ते पाहत नाही. जिथे तो तिच्याकडे कोणाची तरी बायको म्हणून पाहतो, तिथे तिला पुरावे मागतो.

आणि या मातृत्व लाभाच्या मागे कोण उभे होते? परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर. १९२८ साली मुंबई विधिमंडळात गिरणीतल्या बायकांसाठी प्रसूती लाभाचे विधेयक आले तेव्हा बाबासाहेबांनी त्याची बाजू घेतली. बाळंतपणात बाईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, तिचा भार मालकाने आणि सरकारने उचलला पाहिजे, ही त्यांची भूमिका होती. १९२९ मध्ये मुंबई इलाख्यात तो कायदा झाला. पुढे १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना त्यांनी कामगारांच्या सामाजिक सुरक्षेचा पाया घातला. आज आपण ज्याला ईएसआय म्हणतो त्या आरोग्य विम्याची योजना त्यांच्याच खात्यात तयार झाली आणि १९४८ मध्ये तिचा कायदा झाला. स्त्रियांच्या वारसाहक्कासाठी, घटस्फोटाच्या हक्कासाठी त्यांनी हिंदू कोड बिल मांडले आणि ते रखडवले गेले म्हणून १९५१ मध्ये मंत्रिपदावर लाथ मारली. ज्या समाजाच्या नेत्याने बाईच्या हक्कासाठी सत्ता सोडली, त्या समाजाने आपल्याच घरातल्या बाईला कागदाअभावी रस्त्यावर सोडावे हे शोभते काय?

तथागतांनी सिगाल नावाच्या तरुणाला गृहस्थाचा धर्म सांगितला. सिगालोवाद सुत्त आपल्याकडे लग्नविधीत बरेचदा वाचले जाते, पण बहुधा पतिपत्नीच्या कर्तव्यांपुरतेच. त्याच सुत्तात मालक आणि सेवक यांचीही कर्तव्ये सांगितली आहेत. शक्ती पाहून काम द्यावे, अन्न आणि वेतन द्यावे, आजारपणात शुश्रूषा करावी, गोडधोड वाटून खावे, वेळेवर सुटी द्यावी. अडीच हजार वर्षांपूर्वीची ही आजारपणाची रजा आणि औषधपाण्याची सोयच म्हणा ना! घरातले नाते आणि कामावरचे नाते या दोन्हींना तथागतांनी एकाच उपदेशात जागा दिली. आजचा प्रश्नही या दोन्हींच्या मधला आहे. मालकाचे कर्तव्य कामगारापाशी संपते की त्याच्या घरापर्यंत पोहोचते?

आता एका नाजूक मुद्द्याकडे वळतो. काही वाचक म्हणतील, "अशाने बायको टाकून दुसरी करणाऱ्यांना मोकळे रान मिळेल." ही भीती खोटी नाही. आपल्या समाजात टाकलेल्या बायका कमी नाहीत. गावी सासू-सासऱ्यांची सेवा करून, शेतमजुरी करून मुले वाढवणारी, नवरा शहरातून पैसे पाठवील म्हणून वाट पाहणारी बाई हीसुद्धा आपलीच बहीण आहे. तिचा हक्क काढून दुसरीच्या पदरात टाका, असे कोणी म्हणत असेल तर ते मला मान्य नाही. कोळसा खाणीच्या निकालात न्यायालयाने पहिल्या पत्नीचा पाचवा वाटा राखून ठेवला, ते योग्यच केले.

पण दोघींच्या भांडणात खरा गुन्हेगार सुटतो, हे विसरू नका. ज्या पुरुषाने पहिलीला रीतसर मोकळे केले नाही, पोटगी दिली नाही, आणि दुसरीला रीतसर आपले म्हटले नाही, तो मरून जातो आणि दोन बायका एकमेकींच्या झिंज्या धरतात. बंधूंनो, हे कटू आहे, पण खरे आहे. पहिले लग्न खरोखर मोडले असेल तर कोर्टात जाऊन सन्मानाने ते संपवा, तिचे जे देणे असेल ते द्या, आणि मग दुसऱ्या संसाराला कागदाचे बळ द्या. पंचांची काडीमोड पुरेशी आहे असे धरून चालू नका. हिंदू विवाह कायदा १९५५ बौद्धांनाही लागू आहे. त्यात रूढीने होणाऱ्या घटस्फोटाला जागा ठेवलेली आहे, पण ती रूढी आपल्यात खरोखर आहे हे कोर्टात सिद्ध करावे लागते. ते ओझे नेमके कोणाच्या डोक्यावर येते? नवरा गेल्यानंतर त्या दुसऱ्या बाईच्याच.

एकत्र राहणाऱ्या बाईला कायद्याने अगदीच वाऱ्यावर सोडले आहे असेही नाही. कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्यात विवाहसदृश नात्यातल्या स्त्रीला संरक्षण आहे. मारहाण झाली, घराबाहेर काढले तर ती दाद मागू शकते, राहत्या घरातला निवारा आणि खर्च मागू शकते. मात्र २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अट घातली की दोघेही लग्नाला पात्र, म्हणजे अविवाहित असावेत, आणि समाजात पतिपत्नीसारखे बराच काळ राहिलेले असावेत. दुसरे म्हणजे, स्त्री-पुरुष दीर्घकाळ पतिपत्नी म्हणून राहिले तर त्यांचे लग्न झाले आहे असेच कायदा गृहीत धरतो. नाही म्हणणाऱ्याने ते खोटे पाडायचे असते. पन्नास वर्षे एकत्र राहिलेल्या एका जोडप्याबाबत सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये हे सांगितले आणि २०२२ मध्ये दुसऱ्या एका प्रकरणात पुन्हा सांगितले. ज्यांच्या आड कोणाचे पहिले लग्न येत नाही, पण विधीचा पुरावा हरवला आहे, अशा आपल्या वृद्ध जोडप्यांना याचा मोठा आधार आहे.

वारेही थोडे बदलत आहेत. ऑगस्ट २०२२ मध्ये चंदीगडच्या एका परिचारिकेच्या प्रसूती रजेच्या प्रकरणात न्या. धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाने म्हटले की, कुटुंब म्हणजे आई, बाप आणि त्यांची मुले एवढेच नव्हे. लग्नाशिवायची सोबत असेल, समलिंगी जोडपे असेल, अशा घरांनाही कायद्याचे संरक्षण आणि सामाजिक कल्याणाचे लाभ मिळायला हवेत. ऑक्टोबर २०२३ मध्ये घटनापीठाने समलिंगी विवाहाला मान्यता दिली नाही. पण २०२४ मध्ये केंद्र सरकारने स्पष्ट केले की, अशा जोडीदारांना रेशनकार्डासाठी एका घरातले मानावे, त्यांना बँकेत संयुक्त खाते उघडायला आणि एकमेकांचे नामांकन करायला आडकाठी नाही. या माणसांकडे आपल्या वस्तीत चेष्टेने पाहिले जाते. ज्या समाजाने सावलीचा विटाळ सोसला, त्याने दुसऱ्याच्या घराला नावे ठेवू नयेत, एवढेच म्हणतो.

परदेशात हा प्रश्न कसा सुटू लागला तेही कामगारांनी जाणून घ्यावे. न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॉइस नावाच्या साप्ताहिकात १९८२ मध्ये कामगार संघटनेने करारात हे कलम घालून घेतले. कर्मचाऱ्याचा लग्न न झालेला जोडीदारही आरोग्य विम्यात धरावा, ही ती मागणी. त्यानंतर कॅलिफोर्नियातल्या बर्कली शहराने १९८४ मध्ये आपल्या नोकरांसाठी तसे धोरण केले. सॅन फ्रान्सिस्को शहराने १९९७ पासून नियमच लागू केला की, ज्यांना शहराचे कंत्राट हवे त्यांनी आपल्या विवाहित आणि अविवाहित कामगारांच्या जोडीदारांत भेद करायचा नाही. लग्नाच्या दाखल्याऐवजी तिथे सहसा दोघांचे शपथपत्र घेत, किंवा एक पत्ता आणि सामायिक खर्च पाहत. २०१५ मध्ये तिथे समलिंगी विवाह देशभर कायदेशीर झाला, तेव्हा काही कंपन्यांनी "आता लग्न करा आणि या" म्हणून ही सोय बंदही केली. संघटना जागी नसली की मिळालेले जाते, हा धडा त्यात आहे.

आपल्याकडेही काही मोठ्या खाजगी कंपन्यांनी सुरुवात केली आहे. ॲक्सिस बँकेने २०२१ मध्ये आपल्या कर्मचाऱ्यांना मेडिक्लेमसाठी जोडीदाराचे नाव देण्याची सोय जाहीर केली आणि त्यात लग्नाची अट ठेवली नाही. चांगले आहे. पण अशा सोयी पोहोचतात त्या कंपनीच्या कायम माणसांपर्यंत. एखाद्या मोठ्या ऑफिसच्या इमारतीत काचा पुसणारा, संडास धुणारा, रात्री दारावर उभा राहणारा आपला माणूस कंत्राटदाराच्या पटावर असतो. त्याला स्वतःचाच फंड नंबर माहीत नसतो, तिथे जोडीदाराचे नाव कुठले? म्हणून ही मागणी कंत्राटी कामगारापासून सुरू झाली पाहिजे.

आता कामाचे बोलू. हे कात्रण कापून ठेवलेत तरी चालेल.

पहिली गोष्ट, ज्यांना लग्न करता येते त्यांनी ते करावे आणि त्याची नोंद करावी. बौद्ध पद्धतीने त्रिशरण-पंचशील घेऊन लग्न लागले असेल तर भारतीय बौद्ध महासभेच्या किंवा विधी करणाऱ्या बौद्धाचार्यांच्या दाखल्यावर थांबू नका. महाराष्ट्राच्या १९९८ च्या कायद्याप्रमाणे विवाह निबंधकाकडे नोंद करा. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्येच सर्वांची विवाहनोंदणी सक्तीची करावी असे आदेश दिले आहेत. ज्यांचे लग्न वीस-पंचवीस वर्षांपूर्वी झाले, त्यांनाही विशेष विवाह कायदा १९५४ च्या कलम १५ खाली नोंद करता येते. पूर्वी विधी झालेला असावा, तेव्हापासून दोघे एकत्र राहत असावेत आणि कोणाचाही दुसरा जोडीदार हयात नसावा. अर्जानंतर तीस दिवस थांबावे लागते. या नोंदीने मुलेही कायदेशीर ठरतात.

दुसरी गोष्ट, फंडाचे आणि ग्रॅच्युइटीचे नामांकन आज काय आहे ते तपासा. नोकरीला लागताना विशीतल्या पोराने भरलेला फॉर्म पन्नाशीतही तसाच असतो. त्यात वारलेल्या आईचे नाव असते. फंडाचे नामांकन आता यूएएन क्रमांकावर संगणकावरूनही करता येते. घरातल्या शिकलेल्या मुलीला बसवा, ती अर्ध्या तासात करून देईल.

तिसरी गोष्ट, मुले असतील तर मुलांचे नामांकन करा. मूल अल्पवयीन असेल तर फंडाच्या फॉर्मवर पालकाचे नाव लिहायला जागा असते. तिथे मुलांच्या आईचे नाव घाला. लग्न असो वा नसो, ती त्यांची आई आहे, हे कोणी नाकारू शकत नाही. मुलांच्या बाबतीत कायदाही पुढे आला आहे. दुसऱ्या लग्नाच्या मुलाला अनुकंपा नोकरी नाकारता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये रेल्वेच्या एका प्रकरणात सांगितले आणि २०२२ मध्ये त्याचा पुनरुच्चार केला.

चौथी गोष्ट, जो कागदावर अविवाहित आहे आणि ज्याला मूल नाही, अशा फंडाच्या सभासदाला १९९५ च्या पेन्शन योजनेत एका व्यक्तीचे नामांकन करता येते. त्याच्या मृत्यूनंतर त्या व्यक्तीला विधवेइतके पेन्शन मिळण्याची तरतूद आहे. ही सोय फार थोड्यांना माहीत आहे. पेन्शनची किमान रक्कम महिना १,००० रुपयेच आहे हे खरे, पण म्हातारपणी औषधाला तेवढाच हातभार. फंडासोबत जोडलेला विमाही आहे. नोकरीत असताना मृत्यू झाल्यास त्यात ७ लाखांपर्यंत रक्कम मिळू शकते आणि ती फंडाच्या नामांकनाप्रमाणेच जाते. ग्रॅच्युइटीला पाच वर्षांची अट मृत्यूच्या वेळी लागत नाही, हेही ध्यानात ठेवा.

पाचवी गोष्ट, स्वकमाईचे जे आहे, म्हणजे बँकेतली शिल्लक, घरातल्या वस्तू, नावावरची खोली, त्याचे मृत्युपत्र करा. मृत्युपत्र साध्या कागदावरही होते, दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली बरी. वाद टाळायचा असेल तर पहिल्या पत्नीचे आणि तिच्या मुलांचेही त्यात जे द्यायचे ते लिहून ठेवा.

सहावी गोष्ट, खोटे लिहू नका. पहिली पत्नी हयात असताना दुसरीसमोर "पत्नी" असे लिहिले तर ते पुढे तिच्याच अंगलट येते. सरकारी नोकराने पहिला जोडीदार हयात असताना दुसरे लग्न केले तर सेवा नियमांप्रमाणे कारवाई होते आणि नोकरीही जाऊ शकते. पंचशीलातले चौथे शील ऑफिसातल्या फॉर्मलाही लागू आहे.

सातवी गोष्ट बायांसाठी. तायांनो, तुम्ही स्वतः कामाला असाल तर तुमच्या नावाचा फंड, तुमचे ईएसआय कार्ड मागून घ्या. नवऱ्याच्या किंवा सोबत्याच्या कार्डावर नाव लागो न लागो, तुमचे कार्ड तुमचे आहे. त्यासाठी कोणी लग्नाचा दाखला मागत नाही.

आणि शेवटी संघटनेतल्या कार्यकर्त्यांसाठी. पुढचा करार करताना पगारवाढीच्या जोडीला एक कलम मागा. गट-विमा, आजारपणाची मदत, मृत्यूनंतरची तातडीची मदत, घर खाली करण्याची मुदत हे सगळे कंपनीच्या हातातले असते. यासाठी संसदेच्या कायद्याची वाट पाहावी लागत नाही. कामगाराने शपथपत्रावर ज्याचे नाव दिले त्याला ते मिळावे, पहिल्या पत्नीचे आणि मुलांचे कायदेशीर हक्क अबाधित ठेवून. फंड आणि पेन्शन यांच्या व्याख्येत बदल करायचा तर तो सरकारनेच करायचा आहे. त्यासाठी निवेदने द्या, आमदार-खासदारांना गाठा. विहाराच्या सभेत ठराव करा.

बाबासाहेबांनी आपल्याला कागदाचे महत्त्व शिकवले. ज्यांच्याकडे जमिनीचा उतारा नव्हता, जन्माची नोंद नव्हती, शाळेचा दाखला नव्हता, त्यांच्या हातात त्यांनी राज्यघटना दिली. तेव्हा कागदाला घाबरू नका आणि कागदाची हेळसांडही करू नका. येत्या रविवारी आपापल्या विहारात एक टेबल मांडा, दोन शिकलेली मुले बसवा आणि वस्तीतल्या प्रत्येक कामगाराचे नामांकन तपासून घ्या. माणूस जिवंत असतानाच हे काम होते. तो गेल्यावर फक्त कोर्टाच्या फेऱ्या उरतात.

जयभीम! नमो बुद्धाय!